माझी हिरवी नऊवारी
झेंडू आणि मशीनचं तेल यांचा एकत्र वास आला की मला चाकणच्या कंपनीतली सहा वर्षांपूर्वीची खंडेनवमी आठवते. मशीनींना हार घालून पूजा झाली आणि आमच्या लाइनवरचा एक फिटर बाईच्या वेषात लावणीवर नाचला. नऊवारी माझी होती, निऱ्याही मीच घालून दिल्या होत्या. त्याने कंबर लचकवली तशा शिट्ट्या पडल्या, साहेबांनी त्याला शाल घातली. पुढच्या गाण्याला मीही युनिफॉर्मवर, सेफ्टी शूज घालूनच चार पावलं नाचले. कुणीतरी दोघांचेही व्हिडिओ काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकले. त्याच कंपनीत स्टोअरला असलेला माझा नवरा संध्याकाळी थेरगावच्या घरी दारातच उभा होता. "चारचौघांत नाचताना लाज न्हाई वाटली? उद्या कंपनीत कुठल्या तोंडानं जाऊ मी?" मी आत जाऊन पीठ मळायला घेतलं. भाकरी थापता थापता मोबाइलवर नवऱ्याचं स्टेटस दिसलं. माझ्या नऊवारीतला फिटर नाचत होता आणि खाली लिहिलं होतं, "भावा, एकच नंबर!" यंदाही कंपनीतल्यांनी खंडेनवमीसाठी तीच नऊवारी मागितलीय. नवऱ्यानं मला न विचारताच हो म्हणून टाकलं.