आनंदीबाईंचा गोळीचा उपास

पहिल्याच भेटीत मी आनंदीबाईंवर खेकसले. आता लाज वाटते, पण माझा स्वभावच तसा. दहिवलीत माझं, उमाचं, जेनेरिक औषधांचं दुकान आहे, आणि "एवढी स्वस्त म्हणजे नकलीच असणार" हे दिवसातून दहादा ऐकून माझं टाळकं सटकतं.

मार्गशीर्षातली दुपार होती. ऊन इतकं मऊ की सगळा रस्ता पेंगत होता. पोशीर गावच्या ह्या सत्तरीच्या बाई आत आल्या, बाकावर बसल्या आणि बराच वेळ नुसत्या हसत राहिल्या. घाई कसली नाहीच. मग पिशवी सोडून त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी, जुनी पावती आणि जुनं पाकीट काढलं. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नावच लिहिलं होतं. मी माझ्याकडचं पाकीट पुढे ठेवलं आणि महिन्याचे नव्वद रुपये सांगितले.

"नव्वद? माजी गुलाबी गोळी सहाशेला येते गं बाय! नि ही पांढरी. हिचा रंग उडाला का काय?"

"आतलं औषध तेच आहे, मावशी!" मी खेकसले. " तिकडे तुम्ही कंपनीच्या नावाचे पैसे मोजता."

बोलता बोलता माझं लक्ष पावतीवर गेलं. तीस गोळ्या, दीड महिन्यापूर्वी घेतलेल्या. आणि जुन्या पाकिटात अजून दोन शिल्लक!

"ह्या संपल्या कशा नाहीत?"

"उपासाला घेत नाय ना. डागदर बोलला, जेवल्यावर घ्यायची. सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी. जेवणच नाय तर गोळी कशी घ्यायची? तेवढेच पैसेबी वाचतात."

मी कपाळाला हात लावला. "अहो, लकवा मारेल! चार शेंगदाणे खा, घोटभर दूध प्या, पण गोळी रोज घ्या. आता तर नव्वदात येतेय, मग वाचवायचं काय त्यात?"

मला वाटलं, खूश होतील. त्यांचा तर चेहराच उतरला.

"उमाबाय, एक काम करशील? माज्या लेकाला, सदूला फोन करून सांग, स्वस्तातली गोळी मिळत नाय. महाग हाय म्हटलं का तो गप बसंल. नायतर रोज घ्यायला लावंल."

"म्हणजे? तुम्हाला घ्यायचीच नाही?"

त्या हळू आवाजात सांगू लागल्या. उपासाच्या दुपारी त्या पडवीत आडव्या होतात. समोर भात कापून झाल्यावर पेरलेला हिरवागार वाल. मग डोकं हलकं हलकं होतं, जमीन पाण्यासारखी हलते, लांबचे डोंगर अंगणापर्यंत येतात. आणि बांधावरून आबाजी येतात. त्यांचा नवरा. जाऊन नऊ वर्षं झाली.

"काय बोलत नाय म्हातारा. शेंगा चाचपत येतो, पायरीवर बसतो. मी म्हनते, चहा टाकू का? तर नुसता हसतो. गेल्या सोमवारी सदू घरी व्हता, त्यानं समोर बसून गोळी घ्यायला लावली. तर दुपारभर वाट बघितली मी. आला नाय गं."

ही चक्कर आहे, मावशी, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. नाही म्हणवलं मला. बाहेर एक टेंपो गेला, आणि पुन्हा सगळं शांत झालं. त्या कुठेतरी लांब बघत होत्या आणि मीही, खरं सांगते, क्षणभर तो हिरवा बांध बघत बसले. असं कुणी माझ्याकडे आलं असतं तर मी तरी गोळी घेतली असती का?

मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "दुपारी घरी कोण असतं तुमच्याबरोबर?"

"सानवी. सदूची पोर. चालाया लागलीय आता. सदू नि सून कामाला जातात."

"आबाजी येतात तेव्हा सानवी कुठे असते?"

त्या पिशवीचा बंद आवळू लागल्या.

"घरापासून विहीर किती लांब आहे, मावशी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि भीतीही. नव्वद रुपये ठेवले, पाकीट उचललं आणि निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं. वाटलं, आता ह्या काही परत येत नाहीत.

बरोबर तिसाव्या दिवशी आल्या. रिकामं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "बघ. एकबी चुकवली नाय."

मला राहवलं नाही. "आणि आबाजी?"

"येत नाय." पदराने त्यांनी तोंड पुसलं. "कसा येनार? सकाळी गोळी हातात धरते नि बोलते, आजबी येव नका, पोर एकटी हाय. मग गिळते. रोज सांगावं लागतं गं बाय, रोज."

मी रिकामं पाकीट उचललं.

"दे," त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्याच्या दे."