एक खांब आत, दोन खांब बाहेर

आमच्या वडनेरचे बंडूजी एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं वर्ध्याच्या गाडीवर. त्यांच्या गाडीत सहसा कोणी ओकत नसे, हे मी अभिमानानं सांगतो, कारण लहानपणी त्या गाडीत मीही पांढराफटक पडून बसलेलो आहे. तेव्हा रस्ता अरुंद, दोन्हीकडे कडुनिंब आणि कडुनिंबांच्या मधून विजेचे खांब. बंडूजी खांद्यावर हात ठेवून सांगायचे, खाली पाहू नको, लांब पाह्य. एका खांबापर्यंत नाकानं श्वास घे, दोन खांबांपर्यंत हळूहळू सोड. दहा-बारा खांब मागे गेले की पोटातली कालवाकालव थांबायची. उचकी लागलेल्याला ते श्वास कोंडून तीनदा थुंकी गिळायला लावत. परीक्षेला निघालेल्या पोरांनाही खांबच मोजायला सांगत.

गावातल्या भागीरथाबाईंना गाडी फार लागे. लग्न होऊन वडनेरला आल्या त्या नव्या शालूवर ओकत, आणि सासरची माणसं हसली. त्यानंतर पस्तीस वर्षं त्या कोणत्याच गाडीत चढल्या नाहीत. मुलगी जया वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेला दिली, तिचं घरही त्यांनी पाहिलं नव्हतं. यंदा, लग्नाच्या आठव्या वर्षी, जयाला मुलगी झाली. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती, म्हणून बाळंतपण तिकडेच झालं. पाळण्याची पहिली दोरी आईनंच धरावी, असा जयाचा निरोप आला.

भागीरथाबाई बंडूजींच्या दारात आल्या. मीच संगं येतो, असं ते म्हणाले. बारशाचं आमंत्रण मलाही होतं, म्हणून मीही त्यांच्यासोबत वर्ध्याच्या गाडीत बसलो.

हिंगणघाटपर्यंत निभलं. पुढे बंडूजींचा चेहरा उतरला. रिटायर झाल्यापासून ते या रस्त्यानं आले नव्हते. रस्ता रुंद झालेला, कडुनिंब तोडलेले, खांब पार शेतात सरकलेले. भागीरथाबाईंनी पदर तोंडाला लावला. गाडी थांबवा, मी पायी जाते, असं त्या पुटपुटल्या.

बंडूजींनी बोटातली अंगठी समोरच्या सीटच्या दांड्यावर वाजवली. टक. मग सावकाश, टक, टक.

"खांब गेले तं जाऊ द्या, वयनी. डोये लांब ठेवा अन् हे आयका. एकाले घेजा, दोनाले सोडजा."

आधी श्वास अडखळला, मग त्या आवाजाला लागला. पलीकडच्या सीटवरची पोरगी नकळत तसाच श्वास घेऊ लागली, मीसुद्धा. बंडूजींनी हात थांबवला नाही.

पिपरीच्या फाट्यावर भागीरथाबाई कोरड्या पदरानं उतरल्या. थोडं चालून थांबल्या.

"इतके वर्स कुठी होते जी तुमी?" आवाजात रागच होता.

"याच गाडीत होतो. तुमीच चढल्या नाई."

जयाच्या घरी बाया खोळंबल्या होत्या. पण भागीरथाबाईंनी आधी लेकीचं घर पाहिलं. खोल्या पाहिल्या, कपाट उघडलं, स्वयंपाकघरात बराच वेळ ओट्यावरून हात फिरवत उभ्या राहिल्या. मग पाळण्यापाशी बसून त्यांनी दोरी धरली. बंडूजींनी परतीच्या गाडीची वेळ दोनदा सांगून पाहिली. बाई दोरी ओढतच राहिल्या.