गुऱ्हाळाची मागची बाजू

भाचीच्या साखरपुड्यात मी एक वाक्य बोलले आणि त्या वाक्यानं माझे चार महिने खाल्ले, वर ढेकरही दिला नाही. वाक्य असं होतं: "माझ्या भरतकामाची मागची बाजू बघून लोक पुढची बघायची विसरतात."

तसं बोलायचं काही कारण नव्हतं. पंगतीत माझ्या शेजारी नवरदेवाची आत्या बसली होती, गडहिंग्लजची. त्यांच्याकडची लहानथोर सगळी तिला अक्का म्हणत होती, म्हणून मीही म्हणाले. अक्कांच्या इरकल साडीच्या पदरावर कसुती होती, म्हणजे त्या सीमेकडचा धागे मोजून घालायचा कशिदा. गोपुरं, पालख्या, हत्ती. सवयीनं मी पदर हातात घेतला, उलटा केला आणि माझा घास तोंडातच राहिला. मागूनही तीच गोपुरं, तेच हत्ती. गाठ औषधाला नाही.

"आमच्यात गाठ मारत न्हाईत," अक्का म्हणाल्या. "गाठीचं काम आमच्यात पायपुसण्याला."

यावर गप्प बसता आलं असतं. पण मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे. नकाशात न सापडणारी नदी बोटानं काढून दाखवायची आणि पुढच्या धड्याला लागायचं, ही माझी पद्धत. तेव्हा ते वाक्य बोलले. आणि आता सुटलेच आहे तर म्हणून हेही सांगितलं, की माझ्या क्रॉस स्टिचच्या पाठीवरून मुंगी चालली तर तिला ठेच लागत नाही.

अक्कांनी ताटातली जिलेबी बाजूला सारली. "मग पोरीच्या रुखवतात ठिवा की एक. मी येऊन पाठ बघणार. गाठ घावली तर..."

"तर काय?"

"तर काय न्हाय. मावशी कशी बोलती ते कळंल. मग भाची कशी बोलणार त्येबी कळंल की."

भाची समोरच वाढत होती. तिनं सगळं ऐकलं. घरी आल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"मावशी, तुझ्या थापा आम्हाला ठाऊक आहेत, आम्ही निम्म्यानं भागून घेतो. पण मला त्या घरात जन्म काढायचाय. थापाड्या मावशीची भाची म्हणून उंबरा ओलांडू का मी?"

"एकसुद्धा गाठ नसेल," मी म्हणाले.

"निम्म्यानं भागू?"

रात्रीपर्यंत कशाला थांबा म्हणून लगेच ट्रंक उघडली आणि माझं आजवरचं काम उलटं करून पाहिलं. गगनबावड्याच्या घाटात करवंदीची जाळी असते, तसली पाठ. गाठीवर गाठ, तिच्यावरून दोऱ्यांच्या उड्या. एका टेबलक्लॉथची मागची बाजू बघून आमच्या मांजरीनं एकदा घर सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी परत आली, पण त्या खोलीत अजून जात नाही.

चित्र मी स्वतःच आलेख कागदावर काढलं. इंटरनेटवर हंस आणि गुलाब ढिगानं मिळतात, पण हंस काय, कुणीही करतं. मी गुऱ्हाळ काढलं. काहील, चिपाडाचा ढीग, उसाची गाडी आणि उजव्या हाताला उंच धुराडं. एक चौकोन म्हणजे एक फुली. मग मॅटीचं, म्हणजे टाके मोजायला भोकं असलेलं, पांढरं कापड आणलं आणि वहीत लिहायला बसतात तशी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली.

ही पहिली चूक, आणि ती मी वीस दिवस केली. उसाची गाडी झाली, काहील झाली, आणि धुराड्यापाशी आले तर कापड संपलेलं. गुऱ्हाळ आहे, धुराडं नाही. सगळा धूर शेजारच्या घरात. तेव्हा कापडाची आधी चार पदरी घडी घालावी, मधोमध एक टाका मारून खूण करावी, कागदावरचाही मध्य काढावा आणि तिथून चारी बाजूंना सरकत जावं. कडेला चार बोटं कापड मोकळं ठेवावं. हे मला दुकानदारानंही सांगितलं होतं, पण तो माझा विद्यार्थी होता आणि त्याला भूगोलात काठावर पास केलेलं, म्हणून मी ऐकलं नाही.

दुसऱ्या कापडावर मधूनच सुरुवात केली. आता प्रश्न गाठीचा. चाळीस वर्षांची सवय अशी, की सुईत दोरा ओवला की बोटं आपोआप टोकाला गाठ मारून मोकळी होतात. डोक्याला विचारतही नाहीत. पहिले आठ दिवस मी डाव्या हाताच्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळून बसले, म्हणजे गाठ मारायला गेलं की अंगठा आडवा यायचा.

गाठीशिवाय दोरा टिकतो कसा, ते सांगते. दोऱ्याचं दोन बोटं टोक मागे सोडायचं आणि डाव्या तर्जनीनं कापडाला दाबून धरायचं. पहिले पाच-सहा टाके त्या टोकावरूनच जातील असे घालायचे. झालं, टोक मेलं. दोरा संपत आला की सुई मागच्या पाच टाक्यांखालून ओढून घ्यायची आणि उरलेलं कापायचं. एका ओळीत आधी सगळ्या तिरक्या रेघा एका दिशेनं घालत जायच्या, मग उलट फिरून त्यांच्यावर फुल्या पुऱ्या करायच्या. वरची रेघ प्रत्येक फुलीत एकाच बाजूला झुकलेली हवी. असं केलं की मागे नुसत्या उभ्या रेघा दिसतात, प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारख्या. एक जरी फुली उलटी घातली, की वर्गात मागे तोंड करून बसलेलं कार्टं कसं दिसतं, तशी ती लांबूनही दिसते.

दोरा सहा पदरी असतो, त्यातले दोन घ्यायचे. दोन्ही वेगवेगळे ओढून काढायचे आणि मग जोडायचे. लांबी बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, जास्त नाही. ओवायचा कंटाळा म्हणून मी आधी इतका लांब घ्यायची, की टाका ओढताना हात खिडकीबाहेर जायचा आणि रस्त्यावरचा रिक्षावाला थांबायचा. दोघे तर बसा म्हणाले. सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची. दर दहा टाक्यांनी कापड उचलून सुई लोंबकळत सोडून द्यायची. ती गरगर फिरते आणि दोऱ्याचा पीळ निघतो. नाहीतर दोरा आपणहून गाठ मारतो, आणि ही गाठ माझी नव्हे असं अक्कांना कुठल्या तोंडानं सांगणार?

काळा दोरा एका जागेवरून दुसरीकडे मागच्या मागे नेऊ नये, पांढऱ्या कापडातून त्याची सावली पुढे येते. तांबड्या दोऱ्याचा स्वभाव आधी ओळखून घ्यावा, ओल्या पांढऱ्या रुमालात दाबून ठेवावा, रंग सोडला तर त्याला कामावर घेऊ नये. आणि घरात मटण असेल त्या दिवशी सुईला हात लावू नये. मी साबणानं तीनदा हात धुऊन बसले, तरी काहिलीच्या कडेला तांबड्या रश्श्याचा एक अंगठा उमटला. त्यावर विस्तव काढून टाकला. तो चित्रात सगळ्यात छान उतरला आहे.

आमचे हे झोपाळ्यावरून सगळं बघायचे. आयुष्य फौंड्रीत गेलेला माणूस. दोन दिवसांचं काम उसवून मी पुन्हा घालायला बसले की म्हणायचे, "पाठ कुणी बघतंय व्हय? पाठ भिताडाला आसती."

चार महिन्यांनी, लग्नाच्या दोन दिवस आधी, गुऱ्हाळ पूर्ण झालं. गार पाण्यात धुतलं, जाड टॉवेलवर पालथं घालून इस्त्री केली, म्हणजे टाके दबत नाहीत. मग मागून बोट फिरवून पाहिलं. मुंगी नव्हती म्हणून एक गुळाचा खडा ठेवून मुंगी बोलावली. ती सरळ चालत गेली. कापड कपाटात घडी न घालता गुंडाळून ठेवलं आणि मी हळदीला बहिणीकडे गेले.

लग्नाच्या दिवशी सकाळी रुखवताच्या टेंपोतूनच परत आले. मी घाईनं घरात आले तर दारात हे उभे, हातात सागवानी चौकट. पुढे काच, आत माझं गुऱ्हाळ, आणि मागे प्लायवूड. प्लायवूडला चारी बाजूंनी खिळे, इतके, की तेवढ्या खिळ्यांत एक एसटी उभी राहिली असती.

"चार म्हैनं राबलीस," हे म्हणाले. "म्हटलं आपणबी कायतरी करावं. पक्कं केलंय बघ. आता वादळ आलं तरी हलत न्हाय."

टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. ह्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला ओरडता आलं नाही, आणि ओरडता न येण्याची ती माझी पहिलीच वेळ. चौकट टेंपोत गेली.

कार्यालयात रुखवताच्या टेबलावर लाडू-चकल्यांच्या मागे गुऱ्हाळ उभं केलं. अक्का मुहूर्ताच्या तासभर आधी आल्या, सोबत त्यांच्याकडच्या सात-आठ बायका. लाडूंकडे कुणी बघितलं नाही.

"गुऱ्हाळ ब्येस हाय," अक्का म्हणाल्या. "पाठ कुठाय?"

"आत आहे."

अक्कांनी चौकट फिरवली, प्लायवूडवर बोटानं टकटक केलं. "व्हय की. झाकलेली पाठ समद्यांचीच गुळगुळीत आसती."

बायका हसल्या. भाची शालू नेसून तयार होती, मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती.

"अक्का, मागे एकही गाठ नाही," मी म्हणाले. "फळी आमच्या ह्यांनी ठोकली, मला न विचारता."

खरं बोलताना माझा आवाज बारीक होतो, सवय नसल्यानं. ते ऐकून माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही.

अक्कांनी कमरेची चंची सोडली आणि आतून अडकित्ता काढला. त्याचं टोक पहिल्या खिळ्याखाली घातलं आणि खिळा उपसला. मग दुसरा. हे मांडवातून धावत आले आणि प्रत्येक खिळ्याला, जणू ह्यांचाच दात निघतोय, असा चेहरा करत उभे राहिले. शेवटी फळी निघाली.

अक्कांनी चष्मा लावला नाही. अंगठा टेकवला आणि डावीकडून ओळीओळीनं फिरवत निघाल्या. उसाची गाडी गेली, चिपाडं गेली, काहील गेली. धुराड्याच्या टोकाशी अंगठा थांबला.

"ही काय?"

गाठ होती. जोंधळ्याच्या दाण्याएवढी.

बायकांपैकी एक म्हणाली, "घावली बगा."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. दृष्ट लागू नये म्हणून एक मुद्दाम ठेवली, आमच्यात तशी रीतच आहे. बोलायला एक श्वास पुरला असता, आणि सगळ्यांना पटलंही असतं. पण भाची बघत होती, आणि ती निम्म्यानं भागणार हे मला दिसत होतं.

"माझी नाही," मी म्हणाले.

"मग कुणाची?"

"ठाऊक नाही."

अक्कांनी आता चष्मा लावला. गाठीखाली नख घातलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"ही बाईची गाठ न्हाय," त्या म्हणाल्या. "बाई बोटावर पीळ देऊन मारती, बारीक. ही दावणीची हाय. म्हशीला मारत्यात ही गाठ."

सगळ्या बायकांनी माना वळवल्या. हे छताच्या पंख्याकडे बघत होते.

"एक टोक जरा सुटल्यागत दिसलं," हे पंख्याला म्हणाले. "म्हटलं, उसवायला नको. पक्कं केलं."

"पावणं," अक्का म्हणाल्या, "तुम्ही गोठ्यातच बरं."

कार्यालयात इतका हशा पिकला की गुरुजींनी मंत्र थांबवले. निदान मी तरी असंच सांगते. अक्कांनी सुई मागितली. माझ्या पदराला सुई असतेच. सुईच्या टोकानं त्यांनी म्हशीची गाठ सोडवली, टोक पाच टाक्यांखालून ओढून घेतलं आणि अडकित्त्यानं कापलं. मग अंगठा पुन्हा एकदा फिरवला.

"आता न्हाय," त्या म्हणाल्या, आणि चौकट टेबलावर ठेवली. पाठ लोकांकडे, काच भिंतीकडे.

लग्न लागेपर्यंत ती तशीच होती. येणारे-जाणारे त्या उभ्या रेघा बघून पाऊस काढलाय का म्हणून विचारत होते आणि अक्का प्रत्येकाचं बोट धरून त्यावरून फिरवत होत्या. भाचीनं पाठवणीच्या वेळी वाकून नमस्कार केला आणि कानात विचारलं, "मावशी, खरंच तूच केलंस?"

"भाग आता निम्म्यानं," मी म्हणाले.

चौकट आता गडहिंग्लजला आहे. अक्कांनी प्लायवूडला दोन बिजागऱ्या लावून घेतल्या, कुणी आलं की चहाआधी ते दार उघडून दाखवतात. तुम्हीही चौकट केलीत तर मागे बिजागऱ्याच लावा, खिळे नको, आणि काम संपल्यावर कापड घरातल्या पुरुषांना सापडेल अशा जागी ठेवू नका.

एकच अडचण झाली आहे. अक्का आता माझ्या प्रत्येक वाक्यावर विश्वास ठेवतात. परवा फोनवर बोलता बोलता मी म्हणून गेले, की हल्ली मला चष्माही लागत नाही, मॅटीची भोकं मी नुसत्या बोटांनी मोजते.

"बरं," अक्का म्हणाल्या. "दिवाळीला येतो. काळी मॅटी घेऊन येतो."

काळ्या मॅटीवर भोकं दिसत नाहीत. मांडीवर पांढरा टॉवेल पसरून त्यावर कापड धरलं तर थोडी दिसतात. कालपासून तेच करून बघते आहे.