तांडेलांची गाठ

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. केबलवर आहे. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास सरावली ते तारापूर माझ्या हाताखालून न गेलेली कॉम्प्युटरची केबल नव्हती… लोक म्हणायचे, मी नुसता दारात उभा राहिलो तरी नेटवर्क सुरू होतं. (लोक म्हणजे मीच. पण खोटं नव्हतं.)

सातपाटीला हेमा तांडेल घरी छपाईची कामं करायची. टायपिंगचा कॉम्प्युटर घरात, प्रिंटरवाला अंगणापलीकडच्या खोलीत. मधली केबल बोंबील वाळवायच्या बांबूंवरून नेलेली. त्या दिवशी चार वाजता मच्छीमार सोसायटीची सभा, तिचा अहवाल हेमाकडे. पहिलंच मोठं काम. छपाई मधेच अडत होती, म्हणून मला बोलावलं. हुकलं असतं तर पुढची कामं पालघरच्या प्रेसकडे गेली असती. फ्लॉपीने का नेलं नाही म्हणाल — खाऱ्या हवेने दोन्ही ड्राइव्ह गंजलेले!

केबल चाचपत गेलो, तर मधोमध चक्क गाठ! डोलकाठी नेताना केबल तुटली होती आणि हेमाच्या वडिलांनी ती जाळ्याच्या दोरीसारखी बांधून टाकली होती. वरचं काळं रबर तसंच, आतलं तांबं तांब्याला कुठेच शिवलेलं नाही. मी इतका हसलो की बांबूवरचे बोंबील हलले. गाठ कापली, झकास जॉइंट मारला, एका मशीनवरून दुसऱ्याला पिंग केलं, म्हणजे चार हाका मारल्या…

उत्तर नाही. अडत का होईना, चालत होतं. आता ठार बंद. तीनदा कनेक्टर बदलले, कार्ड बदललं. साडेतीन वाजले. हेमा सारखी घड्याळाकडे बघे.

इतका वेळ बघत बसलेले हेमाचे वडील, तांडेल, उठले. माझा जॉइंट कापला आणि टोकं पुन्हा तशाच गाठीने बांधली.

"बाबा, तांब्याला तांबं लागलं पाहिजे," मी म्हटलं.

"या गाठीवर वादळात बोट टिकून हाय आमची. तुजा कागद काय बोटीपेक्षा जड हाय?"

पिंग केलं. चारही उत्तरं आली. अख्खा अहवाल न अडता छापून निघाला.

सभेत तांडेलांनी सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट केलं. "या सायबानी चालू केला."

मी मान खाली घातली… आणि नाही म्हटलं नाही. तेव्हापासून सातपाटीत माझं नाव आहे. मोठमोठ्या इंजिनियरांना विचारून झालं, सगळे मला वेड्यात काढतात. त्या घरी नंतर खूपदा गेलो. सगळं तपासलं, गाठीला मात्र हात लावला नाही. ती का चालली, मला अजून माहीत नाही.