पुढच्या सीटवरचा चटका

थेल्मा हाल्व्हर्सन सात बहिणींतली पाचवी. तिच्या अंगावर पहिला नवा कोरा कोट चढला तो लग्नानंतर, नवऱ्याने, अर्विडने, सास्काटून शहरातून आणलेला. तोवर तिला जे मिळालं ते वरच्या चौघींनी वापरून झालेलं. त्यामुळे असेल, पण आपल्या वस्तूला दुसऱ्याचा हात लागलेला तिला कधी खपला नाही. चर्चच्या स्वयंपाकघरातसुद्धा तिचे केकचे साचे वेगळे असायचे, बुडाला लाल रंगाचा ठिपका दिलेले. अर्विडच्या बाबतीत तर विचारायलाच नको. बँकेतली नवी मुलगी त्याच्याशी दोन वाक्यं जास्त बोलली, तर पुढच्या वेळी बँकेत थेल्मा जायची.

बाकी बाई सोन्यासारखी. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उमेदीची वर्षं काढली. एकदा वादळात रस्ते बंद झाले आणि शेतांवरची पोरं शाळेतच अडकली. थेल्माने बटाटे आणि कांदे शिजवून सगळ्यांना सूप पाजलं, व्यायामाच्या चटयांवर झोपवलं आणि रडणाऱ्या लहानग्यांना रात्रभर आळीपाळीने मांडीवर घेतलं. त्यातली पोरं आता बाप्ये झाली, तरी तिला भेटली की टोपी काढतात.

आम्ही चौघं मिळून कर्लिंग खेळायचो, म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवत वर्तुळात थांबवायचा आणि त्याच्या वाटेतला बर्फ झाडूने घासायचा, तो खेळ. अर्विड कप्तान, थेल्मा, मी आणि त्या वर्षी नव्याने आलेली मार्लिस. मार्लिसचा नवरा रेजायनाला वारला, म्हणून ती परत गावी येऊन राहिली होती. उंच, सडसडीत, हसरी. कंबर दुखायची तिची, पण दगड सोडायला वाकली की गुडघा बर्फाला टेकेपर्यंत तोल जराही ढळायचा नाही. "हात चांगला आहे तिचा," असं अर्विड एकदा म्हणाला. थेल्माने ते ऐकलं आणि मनात ठेवलं.

खेळाच्या हॉलवर आम्ही अर्विडच्या गाडीने जायचो. पुढे तो आणि थेल्मा, मागे आम्ही दोघी. त्या हिवाळ्यात थंडी अशी कोरडी पडली होती की ओठ फुटून रक्त यायचं, आणि स्वेटर काढताना केस उभे राहायचे. पुढच्या सीट गार पडतात म्हणून थेल्माने त्यांना लोकरीसारख्या दिसणाऱ्या नायलॉनच्या केसाळ कापडाच्या खोळी शिवल्या. तेव्हापासून ती गाडीतून उतरली की तिला विजेचा चटका बसायला लागला. दाराला बोट लागलं की ठिणगी. हॉलसमोर बर्फ गुळगुळीत असायचा, म्हणून अर्विड फेरी मारून तिला हात द्यायला यायचा, तर त्याच्याही बोटावर ठिणगी. अंधारात निळी दिसायची. थेल्मा करवादायची, "हळू धर ना जरा. किती वेळा सांगू?"

काही दिवसांनी अर्विडने तिच्या बाजूला येणं सोडलं. तो आधी मागचं दार उघडायचा, मार्लिसची कंबर दुखते म्हणून तिला हात द्यायचा आणि तिला धरून हॉलच्या दारापर्यंत न्यायचा. थेल्मा मागून माझा दंड धरून चालायची. तिची बोटं जाड हातमोज्यातूनही मला रुतायची.

"बघितलंस, इर्मा?" ती मला म्हणाली. "तिला कसा हात देतो. जणू काचेची आहे."

"कंबर दुखते गं तिची."

"माझे गुडघे दुखतात. गुडघ्यांना कोणी विचारतं?"

तिने घरी अर्विडला विचारलं. हे तिनेच मला सांगितलं, चर्चमध्ये ताटं पुसता पुसता. "मी म्हटलं, मला हात लावायला तुला भीती वाटते, आणि तिचा हात बरा धरतोस. तर म्हणतो कसा, तिचा चटका बसत नाही. एवढंच बोलला आणि पेपर वाचत बसला." तिने एकच ताट तीनदा पुसलं. "आयुष्यभर मी याचे मोजे रफू केले, आणि आता मी चटका देणारी झाले."

मार्लिसने आणलेल्या बिस्किटांना ती हात लावेना. मार्लिसचा दगड नेमका बसला की बाकीचे झाडू आपटून शाबासकी द्यायचे, थेल्मा बुटांची चेन वरखाली करत राहायची. मार्लिसला कळत होतं की नाही कोण जाणे. ती थेल्माला रोज विचारायची, "बरी आहेस ना गं?" त्यानेही थेल्मा जळायची.

मग एका शुक्रवारी थेल्मा स्वतःहून मागच्या दारापाशी आली. "मार्लिस, तू पुढे बस. पाय लांब करायला मिळतील तुला."

मार्लिस नको म्हणत होती, पण थेल्मा माझ्याशेजारी बसूनही गेली. रस्ताभर तिची नजर त्या दोघांच्या खांद्यांवर. हॉल आला. अर्विड फेरी मारून पुढच्या दारापाशी गेला, मार्लिसने हात पुढे केला, आणि ठिणगी उडाली. चांगली टचकन आवाज होण्याएवढी.

"आई गं," मार्लिस म्हणाली आणि खळखळून हसली. "अरे, तू घरची वीज अंगात भरून आणतोस का?"

अर्विडही हसला. हात त्याने सोडला नाही.

मागून थेल्मा उतरली. तिने दाराचा लोखंडी काठ धरला. काहीच झालं नाही. तिने हातमोजा काढून पुन्हा धरला, तरी नाही. चटका त्या खोळीचा होता, तिचा नव्हताच. मला वाटलं आता हिला हायसं वाटेल. पण ती त्या दोघांकडे बघत उभी राहिली, आणि तिचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली. महिनाभर जो चटका तिने सोसला, तोसुद्धा दुसरीकडे गेल्यावर हसण्याचा विषय झाला होता.

त्या दिवशी तिचा एकही दगड वर्तुळात थांबला नाही. एक तर मागच्या फळीवर जाऊन आदळला. अर्विड पलीकडून ओरडला, "थेल्मा, जोर कमी," आणि ती झाडू टाकून कोट घालायला गेली.

खेळ संपल्यावर आम्ही गाडीपाशी आलो, तर ती बाहेर थंडीत उभी. अर्विड म्हणाला, "बस ना आत. गोठशील."

"तिचा चटका बसला तर तू हसलास," थेल्मा म्हणाली. आम्ही दोघी तिथेच होतो, तिला पर्वा नव्हती. "माझा बसला की हात काढून घेतोस."

अर्विड फार बोलणारा माणूस नव्हता. तो टोपी खाली ओढत राहिला. मग म्हणाला, "तुझा बसला की तू माझ्यावर खेकसतेस. मला वाटलं, माझा हातच तुला नको झालाय. म्हणून देणं सोडलं."

ती खेकसायची हे मी रोज मागच्या सीटवरून ऐकलं होतं, तिनेही ऐकलं असणारच.

"हात नको असं कधी म्हटलं मी?" ती हळू म्हणाली.

"म्हटलं नाहीस. पण वाटायचं."

मार्लिस पाय आपटत होती. "तुमचं ठरलं की सांगा रे. माझं नाक जाग्यावर आहे का तेही कळेना."

त्यावर थेल्मा हसली. मनापासून नाही, पण हसली. पुढच्या सीटवर ती बसली, न विचारता. घरी पोचल्यावर अर्विडने तिला दाखवलं, बसल्या बसल्याच दाराचा लोखंडी काठ धरायचा, तो धरूनच पाय खाली टाकायचा. तो स्वतः आपल्या दुखऱ्या गुडघ्यामुळे तसाच उतरायचा, म्हणून त्याला कधी चटका बसत नव्हता. थेल्माने ऐकून घेतलं. खोळी तिने काढल्या नाहीत.

तिचा मत्सर मात्र गेला नाही. वसंतात मार्लिस मुलीकडे कॅल्गरीला राहायला निघाली. थेल्माने तिच्यासाठी बेरींचा केक भाजला, ठिपका असलेल्या साच्यासकट दिला, आणि निरोप घेताना मिठी मारली. अर्विडनेही मारली. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर थेल्मा माझ्या जवळ सरकली.

"जरा जास्तच वेळ धरलं होतं नाही त्याने तिला?"

"नाही गं."

"धरलं होतं," ती म्हणाली, आणि अर्विडला हाक मारत, त्याच्या कोपरात हात घालून घराकडे निघाली.