दुपारी तीनची आंघोळ

१८ जानेवारी. आचोळ्याच्या फ्लॅटमधला गीझर चालू करून बघायचा होता. फ्लॅट पुढच्या महिन्यापासून भाड्याने जायचा आहे, आणि भाडेकरूंनी गीझर चालतो का, एवढं एकच विचारलं होतं. म्हणून आमच्याकडे नेहमी येणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने स्टुलावर चढून झाकण काढलं, खालून हात घालून चाचपलं आणि हसायलाच लागला. “काकी, याला पानी लागलंच नाय कधी. पाइपच जोडला नाय. नवा कोरा हाय.” मी काही बोलणार इतक्यात बाथरूमच्या दारात उभा असलेला नितीन म्हणाला, “मामी, हे काय आहे?”

नितीन म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. हा गीझर त्यानेच आठ वर्षांपूर्वी पुण्याहून येऊन आईसाठी घेतला होता. आई म्हणजे सुलभाताई, माझ्या वन्सं. गेल्या डिसेंबरात त्या गेल्या. झोपेतच गेल्या, डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं सांगितलं. बातमी कळली ती इमारतीच्या सेक्रेटरींमुळे. परब त्यांचं नाव. सकाळी गच्चीत गेले तर त्यांच्या एकट्याचाच कॅन उन्हात दिसला, वन्संचे चार दिसले नाहीत. अकरा वाजत आले तरी नाहीत... मग त्यांनी खाली येऊन बेल वाजवली, आणि दार उघडेना तेव्हा मला फोन केला. शेजारची माणसं दुधाच्या पिशवीवरून ओळखतात, पेपरवरून ओळखतात. वन्संच्या बाबतीत कॅनवरून ओळखलं. त्या कॅनचं सांगते.

वन्सं मूळच्या वसईकडच्या गासच्या. माहेरची वाडी, केळी, भाजी, आणि अंगणात विहीर. थंडीत पहाटे विहिरीतून काढलेलं पाणी कोमट असतं, त्याला वाफ येते, ते लगेच अंगावर घ्यायचं, बादलीत ठेवलंत की गेलं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. लग्नानंतर त्या आचोळ्याला आल्या. चौथा मजला, लिफ्ट नाही. नवऱ्याची कंपनी बंद पडली, नंतर तेही गेले, आणि हातात उरली ती नावाला पेन्शन. नितीनची नोकरी चांगली, त्याची बायको शहाणी, आणि दोघं मनापासून म्हणायची की फ्लॅट विका आणि पुण्याला या. वन्संना एवढंच करायचं नव्हतं. “पैसे तो देईल गं मंगल,” त्या मला म्हणाल्या होत्या, “पण मग माझ्या घरातलं बटणही त्यालाच विचारून दाबायचं. इथे आहे तोवर मी घरवाली आहे. तिथे गेले की मी कुणाकडे तरी राहायला आलेली बाई.” मग त्यांनी आपल्या पेन्शनीत बसेल असं घर चालवायला घेतलं, आणि सगळ्यात आधी विजेचा खर्च उतरवला. गीझर बसवायला आलेल्या माणसाने भिंतीवर टाकी लावली. पाइपाचं सामान आणायला तो दुसऱ्या दिवशी येणार होता, त्याला वन्संनी फोन करून सांगितलं, नको येऊस, आमचं काम झालं.

काम झालं होतं ते गच्चीत. तेलाचे पाच लिटरवाले चार कॅन, त्यांना खिडकीच्या ग्रिलचा उरलेला काळा रंग. सकाळी गच्चीतल्या नळावर भरायचे, कठड्याजवळ उन्हात मांडायचे, टाकीची सावली यायला लागली की दुसऱ्या बाजूला सरकवायचे. दुपारी तीनला पाणी असं तापलेलं असायचं की त्यात गार मिसळावं लागे. दोन खेपांत खाली आणायचे आणि आंघोळ. अख्खा हिवाळा वन्संची आंघोळ दुपारी तीनला. आंघोळीशिवाय देवाला हात लावायचा नाही, त्यामुळे पूजासुद्धा तीननंतर. मी एकदा म्हटलं, “वन्सं, देव सकाळपासून पारोसे?” तर म्हणाल्या, “त्यांना कुठे ऑफिसला जायचंय?”

परबांनी सुरुवातीला हरकत घेतली होती. गच्चीत कुणी काही ठेवायचं नाही, असा नियम. ते दारात येऊन म्हणाले, “मावशी, गच्ची सोसायटीची आहे.” वन्संनी विचारलं, “आणि ऊन?” महिन्याभराने कठड्यावर पाचवा कॅन आला. तो परबांचा होता, आणि काळा रंगही वन्संच्याच डब्यातला.

मी स्वतः निफाडकडची. आमच्याकडे थंडीत सकाळी नळाला हात लावायची हिंमत होत नाही. त्यामुळे वसईच्या थंडीला थंडी म्हणणाऱ्यांचं मला हसू यायचं. पण चौथ्या मजल्यावर, वर तापून रात्री गार पडणारा स्लॅब, खिडक्यांच्या फटीतून येणारं वारं आणि सत्तरी ओलांडलेलं शरीर, हे वेगळं प्रकरण असतं. मी स्पष्ट सांगितलं होतं, दुखणं आलं तर सगळी बचत दवाखान्यात जाईल. त्यावर त्यांनी मला हाताला धरून पलंगापाशी नेलं. गादीखाली गोधडीची घट्ट घडी. दुपारभर गच्चीत वाळत घातलेली, ऊन उतरायच्या आत आवळून घडी केलेली. “घडीत हात घाल.” घातला. आत खरंच ऊब होती, आणि दिवेलागण होऊन गेली होती. “झोपताना उघडायची,” त्या म्हणाल्या, “आधी उघडली की वाया.” थंडीत त्या कधी आजारी पडलेल्या मला आठवत नाहीत. मी मात्र दरवर्षी पडते.

नितीनला यातलं काही माहीत नव्हतं. तो यायचा दिवाळीत नाहीतर मे महिन्यात, तेव्हा गरम पाणी लागत नाही. एकदाच जानेवारीत मुक्कामाला आला. त्या सकाळी वन्संनी मोठ्या पातेल्यात गॅसवर पाणी तापवलं, तो उठायच्या आत बादलीत ओतलं, आणि त्याला सांगितलं, “बटण चिकटतंय रे मेलं, मी काढून ठेवलंय पाणी, जा.” तो न्हाऊन आला आणि म्हणाला, “बघ, गीझर घेतला ते बरं झालं की नाही?” वन्सं म्हणाल्या, “पाणी अगदी छान तापतं.” मी पोहे परतत होते, मला वळून बघायची सोय नव्हती. नंतर मला त्यांनी एकच बजावलं, “त्याला कळलं की तो मला उचलून नेईल. तू बोलायचं नाहीस.” नाही बोलले.

पण तेराव्याला नितीन माझ्याशेजारी बसून म्हणाला होता, “थंडीत एकटी गेली गं मामी. निदान पाणी तरी गरम होतं तिला...” तेवढ्या एका गोष्टीवर तो स्वतःला सावरून होता. आणि आज इलेक्ट्रिशियनने तीच काढून घेतली.

मी इलेक्ट्रिशियनला उद्या पाइप घेऊन ये म्हणून सांगितलं, दार लावलं, आणि नितीनला वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मग चिडला. “तू मला कळवायला हवं होतंस.”

“कळवलं असतं तर काय केलं असतंस?”

“घेऊन गेलो असतो तिला.”

“तेच.”

मग त्याने विचारलं, “कुडकुडायची का गं ती?” मी खोटं सांगत नाही. म्हटलं, सकाळी कुडकुडायच्या, तुझ्या बाबांची माकडटोपी घालून स्वयंपाकघरातल्या उन्हात खुर्ची टाकून बसायच्या. दुपारी तीनला न्हाऊन आल्या की गालांवर लाली असायची आणि मला फोन करून अर्धा तास माझ्याच चुका काढायच्या. त्यावर तो हसला, नंतर तोंड धुवायला गेला. कॅन कुठे आहेत म्हणाला. वन्सं गेल्या त्या दिवशी परबांनी ते आपल्याकडे नेऊन ठेवले होते, त्यांच्याकडून आणले. कॅन दाराजवळ ओळीने ठेवले. एकाच्या झाकणाला वन्संनी चिंधी बांधली होती, गळतं म्हणून. नितीन रात्री तिथेच झोपतो म्हणाला. मी घरी आले.

१९ जानेवारी. सकाळी त्याच्यासाठी डबा घेऊन गेले तर तो पलंगावर गोधडी अंगावर घेऊन बसला होता, नाक लाल. “मामी, गार आहे गं इथे,” म्हणाला. मी चहा ठेवला. मग चारही कॅन घेऊन गच्चीत गेले, नळावर भरले, चिंधीवाल्याचं झाकण घट्ट केलं आणि परबांच्या कॅनशेजारी उन्हात मांडले. खाली येऊन नितीनला सांगितलं, पुण्याची गाडी चारनंतरची बघ.