दोन बोटांनी कसलेला बोल्ट

दिग्रसमध्ये चाचांना न घाबरणारा एकच जीव मी पाहिला. त्यांच्या गॅरेजच्या पायरीवर झोपणारी मांजर. तिच्याकडे गाडी नव्हती.

बाकी गावाचा उद्धार चाचा रोज सकाळी नावानिशी करत. गाडी स्टँडला लावायच्या आत निदान होई, तेही गाडीचे नाही, मालकाचे. "क्लच नाही जळला, गुरुजी. तुमचं डोकं जळलं." गिऱ्हाईक ओशाळायचे, शेजारचा चहावाला हसायचा आणि दुपारपर्यंत ती गोष्ट कापूस बाजारात पोचलेली असायची. चाचांना काही कळणे म्हणजे गावात दवंडी पिटणे.

त्यांची सगळी श्रद्धा इंजिनाखालच्या एका बोल्टावर होती. तेल काढायचा बोल्ट. आधी फडक्याने जागा पुसायची, नवा वॉशर घालायचा, मग बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवत न्यायचा. अडला तर उलटा काढून पुन्हा. शेवटी पाना, तोही मानेजवळ धरून, दोन बोटांनी, एक बारीकसा हिसका. "बस! वॉशर बसला का काम झालं. पोट्ट्याचा कान नाही तो, पिळाले." हे प्रवचन मी चार-पाचदा ऐकले होते. पण मी शिक्षक. ऐकायची सवय दुसऱ्यांना लावणारा.

यवतमाळला मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. लग्न ठरताना मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला एकच प्रश्न विचारला होता, "हातानं काही येते का?" मी "हो" म्हणालो. बारा वर्षे तो "हो" पुराव्यावाचून पडून होता. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सासुरवाडीला, दिग्रसला गेलो तेव्हा मामाजी नागपूरला होते आणि त्यांची जीव की प्राण मोटारसायकल ओसरीत होती. तिचे तेल घरीच बदलून त्यांना चकित करायचे मी ठरवले.

चकित करण्यापुरते काम झालेही. जुने तेल काढले, बोल्ट बसवला, नवे तेल ओतले, थेंब गळेना. इथे कुणीतरी मला जेवायला हाक मारायला हवी होती. पण माझ्यातला शिक्षक जागा झाला. दांडा जितका लांब, तितका जोर जास्त! नळाचा एक तुकडा पान्याला अडकवला आणि वर पाय दिला. 'कट्ट' असा आवाज झाला. मग बोल्ट इतका लडिवाळपणे गोल फिरू लागला की कुठे अडेचना. आतले आटे गेले होते. नवे तेल ओसरीभर झाले आणि मामाजी परवा येणार होते.

गाडी ढकलत चाचांकडे नेली. "यवतमाळच्या एका मेकॅनिकनं केलं," मी म्हणालो.

"हौ? ही गाडी यवतमाळले कधी गेलती?" चाचा खाली वाकले. "जवाईबापू, पाय देल्ला ना?"

ते टॉर्च लावून भोकात बराच वेळ बघत राहिले आणि, नवल म्हणजे, पुढे एक शब्द बोलले नाहीत.

"चाचा, मामाजींना सांगू नका."

"म्या सोताहून नाही सांगन. पण पुसलं त झूठ बोलणार नाही. आजलोग कोणासाठी बोललो नाही."

त्यांनी मोठ्या मापाचे आटे पाडले, लेथवरून नवा बोल्ट आणला आणि पाना माझ्या हातात दिला. दुसरा हिसका द्यायला गेलो तर मनगटावर फटका बसला.

मामाजी आले, गाडी चालवू लागले. मी वर्षभर त्यांच्या फोनला दचकत होतो. काहीच झाले नाही. त्यांनी विचारलेच नसणार, असे मी धरून चाललो.

गेल्या थंडीत चाचा गेले. मी आणि मामाजी त्यांच्या घरी भेटून पायी परतत होतो. बंद शटरजवळ मामाजी थांबले.

"तुमच्यापाशीच ठेवा बरं. गाडी नवी होती तवा त्या बोल्टाचे आटे म्याच खराब केले होते. पाय देऊन. चाचा एवढा तोंडाळ मानूस, पण तुमच्या सासूबाईले आजलोग पत्ता नाही."

मी चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकलो.

"मंग तुमी आलते त्या दिवाळीनंतर पाह्यलं त बोल्ट दुसराच. चाचाले पुसलं."

"काय म्हणाले?"

"म्हणे, जुना झिजला होता, म्याच बदलला. जवायानं त हातबी नाही लावला." मामाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चांगलं केलं. जमत नाही तिथं हात घालू नये."

मी म्हणालो, "हौ, मामाजी." गेलेल्या माणसाला खोटे पाडायचा उद्धटपणा काही माझ्याने झाला नाही.